पानावर एकच फोटो

"ही वेबसाइट कोणी बनवली जी? पाहता पाहता डोळे दुखून राहिले!"

तांदूळ घ्यायला आलेला तरुण काउंटरवरच्या कॉम्प्युटरकडे पाहत होता. काउंटरमागची रेणू तापली. सौंदडच्या या घरच्या राइस मिलची वेबसाइट तिनंच बनवली होती — फिरते फुगे, लुकलुकणारी अक्षरं, तिन्ही काकांचे फोटो.

"मीनं बनवली. तुमाले जमते काय?"

"जमते. पण आधी बरंच काढावं लागते."

त्याचं नाव चंद्रकुमार. पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच वेबसाइट बनवायचा. मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला आणि रोज काहीतरी काढू लागला. फुगे गेले. लुकलुक गेली. काकाही गेले.

"काकांले काऊन काढलं? घरात महाभारत होईल!"

"त्यांच्यामागं तांदूळ कोणाले दिसते?"

शेवटी पांढऱ्या पानावर एकच फोटो उरला — रेणूच्या तळहातावर मूठभर तांदूळ. व्यापारी दाणा असाच पारखतात ना! हात हलू नये म्हणून त्यानं तिचं मनगट हलकेच धरलं होतं… फोटो निघाल्यावरही सोडलं नव्हतं. बोलला मात्र काहीच नाही. रविवारी बालाघाटचे पाहुणे तिला पाहायला येणार, हे ठाऊक असूनही!

रेणूच्या बाबांनी, दुलीचंदांनी, मोबाइलवर पान उघडलं. बोट खाली-वर केलं. मोबाइल तळहातावर आपटला.

"नेट गेलं वाटते. बाकीचं येऊनच नाही राहिलं."

"बाबा, एवढंच आहे."

"मंग एवढी जागा खाली कायले?"

"काकाजी," चंद्रकुमार म्हणाला, "रोवणी करताना रोपा-रोपात जागा सोडता ना? दाटी केली तं धान भरते का?"

दुलीचंदांनी मोबाइल पुन्हा डोळ्यांजवळ धरला. "हं… ठेव असंच. पण माह्या भावांले तूच समजाव."

काम संपलं. चंद्रकुमारनं लॅपटॉप बॅगेत घातला आणि तो उठला. रेणूचा संयम सुटला.

"निघाले? सगळं काढता काढता मनातलंही काढून टाकलं काय?"

तो थबकला. कान लाल झाले. "नाही… ते ठेवलं आहे."

"मंग बोला ना! का तेही मीच बोलू?"

तो वळला, थेट दुलीचंदांसमोर जाऊन बसला — आणि सुरूच झाला. पगार, आई, घर, रेणूचं हसणं, रेणूचं रागावणं, रागावल्यावर नाक कसं फुगते…

"बस, बस! समजलं!" दुलीचंद म्हणाले. तो थांबेचना. रेणूनं पाण्याचा गिलास हातात दिला, तेव्हा कुठे गप्प झाला.

दुलीचंदांनी लेकीकडे पाहिलं. "तुवं काय म्हणणं आहे?"

रेणूनं खांद्यावरची ओढणी सारखी केली.

"बालाघाटले फोन लावा, बाबा. पाहुण्यांले म्हणा… येऊ नका जी."