शेवाळाच्या टाकीवरचा कोट

तिच्या टाकीवर कुणीतरी कोट वाळत घातला होता.

दोन दिवसांची सुट्टी संपवून शेवाळबाई आली आणि दारातच थबकली. गोड्या पाण्यातल्या शेवाळावर तिचं काम, म्हणून प्रयोगशाळेत तिचं हे नाव पडलेलं. या शेवाळात नर वेगळा, मादी वेगळी. नराच्या अंगावर शेंदरी ठिपके, मादी फळली की तिच्या अंगावर काळपट दाणे. दोघांच्या दोन टाक्या, दोन्हींवर सारखेच प्रखर दिवे. दुजाभाव नको, असा तिचा न्याय. नर तरारला होता. मादी मात्र पिवळी पडत चालली होती, आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं, "महिनाअखेर दाणे धरले नाहीत तर हे काम बंद."

"कोट कुणाचा हा?"

"माझा," शेजारच्या खोलीतला मासेवाला डोकावला. तो माशांवर काम करायचा. "परवा पावसात भिजला. तुमच्या दिव्यांखाली ऊब छान असते, म्हणून—"

"अहो, पण सगळा उजेड अडवलात की!"

तिने रागाने मादीच्या टाकीवरचा कोट ओढला... आणि वाकून बघू लागली. पिवळ्या मादीचे शेंडे हिरवे दिसत होते.

"मेली का?"

"नाही. सावली मानवलेली दिसते हिला."

"मग माना आभार."

"कोटाचे मानते. कोट राहू द्या इथेच."

कोट राहिला. मासेवाला नुसत्या सदऱ्यावर कुडकुडत रोज 'पेशंट'ची चौकशी करायला येऊ लागला. त्याचं हसणं तीन खोल्यांत ऐकू जायचं. ती कमी बोले, पण चहा दोन पेले करी. अहो-जाहोचं अरे-तुरे कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

मादीने दाणे धरले. मोठ्या बाई भिंग लावून बघून गेल्या, "चालू ठेव" म्हणाल्या. त्याच आठवड्यात मासेवाल्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली.

"सोमवारी निघतोय," तो म्हणाला.

"बरं."

"बरं? एवढंच?"

"मग काय, नाचू?"

"महिनाभर गारठून हिंडतोय मी. का, ते अख्ख्या इमारतीला कळलं. तू सोडून!"

"मलाही कळलंय."

"मग बोलली का नाहीस?"

ती पाण्याकडे बघत राहिली. "तुला सगळं भर उजेडात लागतं रे. माझ्यावर तसा झोत पडला की मी कोमेजते. म्हणून काही वाटतच नाही, असं धरून चाललास?"

"काय वाटतं?"

"...तू जाऊ नयेस असं वाटतं. पण जा, काम चांगलं आहे. फक्त विचारून जा."

"काय विचारू?"

"आता तेही मीच सांगू?"

त्याने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या हळू बोलला असेल. तिने मान हलवली.

"आईला मी सांगणार. तोवर तोंडाला कुलूप. शपथ?"

"शपथ!" तो उड्या मारतच जिना उतरला.

थोड्या वेळाने तीही खाली आली. फाटकावरचा पहारेकरी उठून उभा राहिला आणि इकडे-तिकडे बघत कुजबुजला,

"अभिनंदन, बाई! साहेबांनी कुणाला सांगू नका म्हटलंय, म्हणून फक्त तुम्हालाच बोललो."