मुद्दाम चुकवलेली उत्तरं

"कोण गं तू? माझ्या घरात कशी शिरलीस?" व्हर्नेल गरजला आणि गंबो सूपचा वाडगा पोटच्या मुलीच्या पायांशी फुटला.

कॉर्लिस दारातच थिजली. चार वर्षांपूर्वी तिच्याच लग्नाच्या जेवणात याच बापाने तिला सर्वांदेखत शिवी हासडली होती. तेव्हापासून ती ह्यूस्टनहून माहेरी बोमाँटला फिरकली नव्हती.

"बघ मम्मा, आता न ओळखल्याचं नाटक!"

"नाटक नाही गं... मेंदूचा आजार आहे. तुझ्या लग्नाच्याही आधीपासून!" ओडेसा फडकं घेऊन फरशीवर वाकली. "शपथ घातली होती त्याने. पोरीचा राग चालेल, कीव नको, म्हणाला..."

"आणि तू ऐकलंस? चार वर्षं मी बापाच्या नावाने तळतळाट केला!"

ओडेसा फरशी पुसता पुसता थांबली. आता लपवून काय उरलं होतं! अकरा वर्षं व्हर्नेल अमेरिकन फुटबॉलच्या संघासाठी डोक्याने टकरा देत होता आणि स्टेडियम भरून माणसं टाळ्या पिटत होती; त्यातलं एकही आज त्याची ओली चड्डी बदलायला येत नव्हतं. हंगामाआधी संघाचा डॉक्टर सगळ्यांच्या स्मरणशक्तीची चाचणी घ्यायचा, पुढे डोक्याला मार बसला तर फरक कळावा म्हणून. आणि खेळाडू तिथे मुद्दाम चुकायचे. आधीच मठ्ठ दिसलं की नंतर फरक दिसत नाही, कोणी बाहेर बसवत नाही!

"ते चुकणं मी शिकवलं त्याला," ओडेसा म्हणाली. "याच टेबलावर. दहातली चारच चुकव, जास्त चुकलास तर पकडतील, म्हणायचे मी. हसायचो गं आम्ही! इतका हुशार होता तुझा बाप, चुकायचा सराव करावा लागायचा त्याला..."

कॉर्लिस आईकडे वळणार, तोच व्हर्नेल अगदी तिच्याजवळ आला, आर्त, घाबरलेला.

"डॉक्टरीणबाई, ठणठणीत आहे मी. रविवारी खेळू द्या. बाहेर बसलो तर माझी जागा गेली... घरी लहान मुलगी आहे हो माझी!"

"काय नाव तिचं?"

त्याचे ओठ हलले. कपाळावर घाम फुटला. "येतंय मला... येतंय! थांबा ना जरा!"

कॉर्लिसने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

"उत्तर बरोबर आहे," ती म्हणाली. "खेळा तुम्ही, डॅडी."

"पास झालो!" तो लहान मुलासारखा हरखला. मग ओडेसाकडे बोट दाखवून हळूच विचारलं, "पण त्या बाई का रडतायत?"

कॉर्लिसने आईला घट्ट कवेत घेतलं.

"तुम्ही पास झालात म्हणून."