ऐंशी पावलं

गेल्या शनिवारी रात्री साडेनऊला वीज गेली. आई-बाबा बाहेरगावी होते, म्हणून मी आणि माझा धाकटा भाऊ काकांकडे राहायला आलो होतो. काका इलेक्ट्रिशियन आहेत, पण स्वतःच्या घरातले दिवे गेले की ते बोटसुद्धा हलवत नाहीत.

"दिवसभर लोकांचे लावतो. आता माझे कुणीतरी लावा," असं म्हणून ते गॅलरीत खुर्ची टाकून बसले. आम्ही तिघं, मी, धाकटा आणि माझी चुलत ताई, खाली चटईवर.

"काका, भुताची गोष्ट सांगा ना," धाकटा म्हणाला.

"अंथरूण ओलं करणार नसशील तर सांगतो."

"मी नाही करत!"

"मग परवा गादी उन्हात का पडली होती?" ताई म्हणाली. धाकट्याने तिला चिमटा काढला.

काका हसले नाहीत. म्हणाले, "भूत असतं की नसतं, ते मला विचारू नका. ज्याच्यावर बेतली त्याने अंथरुणात पडल्या पडल्या मला हे सांगितलं. मी त्याच्या उशाशी बसलो होतो. तेवढं खरं."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"मी ज्या गोदामाचे दिवे सांभाळतो ना, तिथे एक सुपरवायझर होता. त्याला सगळे झीरोसाहेब म्हणायचे, अर्थात पाठीमागे. गोदामात शिरलं की समोरच्या भिंतीवर उंच एक लाकडी फळा आहे. 'अपघाताशिवाय गेलेले दिवस' असं त्यावर रंगवलंय. खाली तीन हुक आणि हुकांना आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या. रोज सकाळी हा माणूस शिडी लावून आकडा बदलायचा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. 'अपघात झीरो पाहिजे,' दिवसातून दहा वेळा म्हणायचा."

"चांगलंच आहे की," ताई म्हणाली.

"ऐक तर आधी. अपघात होऊ नये म्हणून तो काही करायचा नाही. झाला की लपवायचा. तिथे एक रीतच पडली होती. कुणाचं बोट चेमटलं, कुणाच्या पायावर पेटी पडली, की त्याला आधी फाटकाबाहेर न्यायचं. रस्त्यावर. मग डॉक्टर. रस्त्यावर लागलं ते गोदामात लागलेलं नव्हे! फळ्यावरचा आकडा चालू. दारापासून रस्त्यापर्यंत मोजून ऐंशी पावलं. लोक लंगडत जायचे, एका पायावर उड्या मारत जायचे. बाकीचे मागून मोजायचे आणि हसायचे. मीही हसलोय.

"तिथे एक हमाल होता. अंगाने काडी, म्हणून त्याचं नाव पैलवान. गेल्या एप्रिलात एका रविवारी दुपारी तो आणि झीरोसाहेब असे दोघंच कामावर होते. वॉचमनला साहेबाने डबा आणायला पाठवलेलं. रॅकच्या अगदी वरच्या कप्प्यात एक पेटी अडकली होती. साहेब स्वतःच फोर्कलिफ्टवर, म्हणजे पुढच्या लोखंडी काट्यांनी माल वर उचलते त्या गाडीवर, बसला. परवाना नव्हता त्याच्याकडे. पैलवानाला म्हणाला, 'उभा राहा त्या काट्यांवर. उचलतो तुला.' पैलवान म्हणाला, 'साहेब, कमरेचा पट्टा?' 'दोन मिनिटांच्या कामाला पट्टा कशाला? वजन ते केवढं तुझं!' आणि उचलला. वीस फूट वर. मग हात चुकला आणि गचका बसला."

"पडला?" धाकट्याने विचारलं.

"पाठीवर. मेला नाही. शुद्धीत होता, फक्त पाय हलत नव्हते. तो एवढंच म्हणाला, 'साहेब, मला हलवू नका. पाठ मोडलीय. गाडी इथे आत बोलवा.'"

खालून एक स्कूटर गेली, तिचा उजेड छतावरून फिरला.

"साहेबाने त्याच्या काखांत हात घातले आणि ओढला. ऐंशी पावलं. दर दहा पावलांनी थांबून दम घ्यायचा. पैलवान ओरडत होता... पन्नासाव्या पावलापर्यंत."

धाकटा माझ्याजवळ सरकला.

"कागदावर काय आलं? 'रस्त्यावर अनोळखी वाहनाची धडक.' कामावर मेला असता तर त्याच्या पोरांना काहीतरी मिळालं असतं. रस्त्यावर मेला म्हणून काही नाही. वर शेरा, की काम सोडून भटकत होता. त्याची बायको रोज सकाळी सहाला फाटकाशी येऊन बसायला लागली. अर्धा तास बसायची, मग दुसरीकडे कामाला जायची. तिचं एकच. 'तो नक्की कुठे पडला, तेवढं सांगा.' एक दिवस साहेबाने तिला आत नेलं आणि फळ्यासमोर उभं केलं. 'बाई, वाचता येतं ना? इथे कुणी पडलं असतं तर हा आकडा एवढा झाला असता का?' तिला वाचता येत होतं. तिने वाचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहाला येऊन बसली.

"सात महिने गेले. चौदा नोव्हेंबर, गुरुवार. फळ्यावर नऊशे नव्याण्णव. शुक्रवारी सकाळी दहाला मोठे साहेब येणार, फोटो निघणार, याला बढती मिळणार. हा रात्री घरी जेवायला बसला आणि हातातला घास हातातच राहिला. फळ्याला हुक तीनच! हजाराला पाट्या चार लागतात. त्याने एक हुक खिशात टाकला, बायकोला म्हणाला, 'आलोच अर्ध्या तासात.' सव्वाअकराला गोदामात पोचला. वॉचमन त्याच्या खोलीत घोरत होता. याने किल्लीने दार उघडलं. आत एकच दिवा चालू, फळ्यावरचा. मीच बसवलेला.

"त्याने शिडी लावली. तिच्या एका पायाची रबरी टोपी गेलेली, त्यामुळे डुगडुगायची. 'खाली एकाने धरल्याशिवाय चढू नये' असा कागद तिच्यावर होता. त्यानेच चिकटवलेला. चढला. हुक पिरगाळायला लागला. खाली शिडी वाजत होती. कट... कट... कट.

"मग वाजायची थांबली.

"कुणीतरी खाली धरली की थांबते, तशी.

"त्याला वाटलं, वॉचमन उठून आला. 'धर नीट,' म्हणाला, खाली न बघता. हुक बसला. पाट्या लावल्या. एक. शून्य. शून्य. शून्य. 'झालं. सोड आता.'

"सोडली नाही.

"त्याने खाली पाहिलं. कुणी नव्हतं.

"आणि शिडी वर जायला लागली."

"वर कशी जाईल?" धाकट्याचा आवाज चिरकला.

"सरळ. फोर्कलिफ्टचे काटे वर जातात ना, तशी. सावकाश. फळा खाली गेला. दिवा खाली गेला. अंधार आला. वीस फूट... तिथे थांबली. त्याने दोन्ही हातांनी शिडी कवटाळली...

"गचका."

ताईने माझं मनगट धरलं होतं. तिची नखं रुतत होती, पण मी हात काढला नाही.

"पाठीवर पडला. मेला नाही. पाय हलेनात. फोन कुठेतरी लांब घरंगळला. मग त्याच्या काखांत काहीतरी शिरलं. दोन हात. गार. काडीसारखे.

"'हलवू नका,' साहेब म्हणाला.

"एक पाऊल.

"'हलवू नको रे... पाठ...'

"दोन.

"दर दहा पावलांनी थांबायचं. कुणीतरी दम घ्यायचं. याच्या कानाशी. मग पुढे.

"ऐंशी."

काकांनी तांब्यातून पाणी घेतलं. पिताना त्यांच्या घशाचा आवाज ऐकू आला.

"सकाळी सहाला तो रस्त्याच्या कडेला सापडला. सापडला कुणाला? तिलाच, पैलवानाच्या बायकोला. तिने त्याला हलवलं नाही. स्वतःची शाल त्याच्या अंगावर घातली, गाडीला फोन केला, आणि शेजारी बसून विचारलं, 'साहेब, तुम्ही कुठे पडलात?'"

काकांनी तांब्या खाली ठेवला.

"मग काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"फळ्यावर हजार लागलेले होते. दहाला मोठे साहेब यायचे होते. तो तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, 'रस्त्यावर.'"

"शी!" ताई म्हणाली.

"कार्यक्रम झकास झाला. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. बढती दुसऱ्याला मिळाली. याला औषधाचेही पैसे दिले नाहीत. रस्त्यावर पडलेल्याला कंपनी कशाला देईल? तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आणला, कमरेखाली लाकूड झालेला. पलंग आतल्या भिंतीला लावला होता. पहिल्या सकाळी बायको बघते, तर पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे. तिने मागे ढकलला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. पंधरा दिवस ती ढकलत होती, नंतर तो मागे जाईनाच. मी भेटायला गेलो तेव्हा पलंग खोलीच्या मधोमध आला होता. मी आणि त्याचे दोन मेव्हणे, तिघांनी जोर लावला. तसूभर हलला नाही. तो फक्त रात्री हलायचा. दाराकडे. सगळे बाहेर गेल्यावर त्याने मला हे सांगितलं. मी म्हणालो, 'अहो, त्या बाईला सांगून टाका. सुटाल.' तर म्हणाला, 'तू तुझे दिवे बघ. मी तुला काही बोललो नाही.'"

"मग?"

"मागच्या मंगळवारी पहाटे पलंग उंबऱ्याबाहेर सापडला. जिन्याच्या तोंडाशी. तो त्याच्यावरच होता... गार. घराची कडी आतून लावलेली होती."

धाकटा माझ्या मांडीवर चढून बसला होता. त्याने विचारलं, "म्हणजे पैलवान कुठे पडला, ते आता कुणालाच माहीत नाही?"

"मला आहे ना."

"मग तुम्ही सांगितलंत तिला?" मी विचारलं. मी मोठ्यांना असं सहसा विचारत नाही.

"ती अजून बसते," काका म्हणाले. "मी जातो ना दिवे बघायला. दिसते."

"पण सांगितलंत का?"

"मार्चात माझं गोदामाचं कंत्राट नवं व्हायचंय गं..." एवढं बोलून ते थांबले. मी वाट पाहिली.

तेवढ्यात दिवे आले. सगळ्यांनी डोळे मिचकावले. काकू आतून ओरडल्या, "झाल्या का भुताटक्या? उठा, झोपा आता!"

सकाळी मला काकूंच्या आवाजानेच जाग आली.

"रात्री हा पलंग कुणी ओढला? नवी फरशी आहे माझी!"

"मी नाही," धाकटा अंथरुणातूनच म्हणाला.

मी काका-काकूंच्या खोलीत गेले आणि वाकून पाहिलं. पलंगाच्या चारही पायांमागे फरशीवर पांढरे ओरखडे होते. मी बोटं ठेवून पाहिली. बरोबर चार बोटं. काका पलंगावर बसून चहा पीत होते. कुणी ओढला, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

ओरखडे दाराच्या दिशेने होते.