गुरुपेटीतलं गाणं

"काका, चष्मा घ्या आणि चला," तन्वी गवस दारातूनच म्हणाली. ती वनरक्षक होती.

भिकाजी राऊळ चहाचा टोप घासत होते. "उद्या येतो गं."

"उद्यापर्यंत तो पक्षी थांबायला हवा ना!"

रानात गाणारे नर पक्षी कमी झाले, तसं पिल्लांना शिकवणारं कोणी उरलं नाही. पिल्लू ऐकूनच गाणं शिकतं. म्हणून झाडांवर गुरुपेट्या बसवल्या होत्या. विणीच्या दिवसांत त्या जुन्या नरांची मुद्रित गाणी वाजवत. बरीचशी मुद्रणं भिकाजींच्या बायकोची, प्रमिलाची. वीस वर्षं ती माइक घेऊन रानात बसली होती. तिला जाऊन आता चार वर्षं झाली होती.

चढणीवर भिकाजी दोनदा थांबले. वर झाडावर पक्षी गात होता. तन्वीनं मनगटावरचं, आवाजावरून पक्षी ओळखणारं कानयंत्र पुढे केलं. त्यावर नाव आलं होतं : निळा माशीमार.

"यंत्रानं नाव सांगितल्यावर वर कोण बघतंय? आज मी बघितलं. हा निळा आहे का?"

नव्हता. पोट पिवळंधमक, पाठ काळी, पंखांवर दोन पांढऱ्या पट्ट्या.

"नवीन जात असणार, काका! नावही ठरवलंय मी. काकूंचं. तुम्ही फक्त नोंदीवर साक्षीची सही करा."

भिकाजी दगडावर बसले. सही करावी असं त्यांना फार वाटलं.

"इथल्या पेटीवर काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"सुभग. पण तो मी कधी पाहिला नाही. मी नोकरीला लागले तेव्हा संपतच आला होता."

"वाजव पेटी."

तन्वीनं कळ दाबली. पेटीतून माशीमाराचं गाणं आलं. वरचा पक्षी लगेच तेच गायला.

"हा सुभगच आहे," भिकाजी म्हणाले. "सुभग लांब शीळ घालतो. याला ती कोणी ऐकवलीच नाही."

"म्हणजे काकूंचं चुकलं?"

"तिचं नाही. माझं."

शेवटच्या आजारात प्रमिलाला हात उचलवत नव्हता. मुद्रणांना नावं भिकाजी घालायचे. औषधं, चादरी, मधेच नावं. "लावून ऐकलंत ना?" ती विचारायची. ते हो म्हणायचे. ऐकायचं त्राण नसायचं.

तन्वीनं पेटी बंद केली. "खात्याला कळवलं तर काकूंची सगळी मुद्रणं उतरवतील. पुन्हा लावतील की नाही, कोण जाणे. राहू दे ना. कोणाला कळणार आहे?"

"मादीला कळेल. परकं गाणं ऐकून ती याच्याकडे फिरकणार नाही. लिही, नावं भिकाजी राऊळनी घातली."

तन्वी लिहू लागली. दुसऱ्याच ओळीला तिचा हात थांबला.

"काका, माद्याही याच पेटीखाली वाढल्या. त्यांना हेच गाणं आपलं वाटत असलं आणि आपण ते बदललं, तर?"