लेक जेवली की

मी वजनकाटे दुरुस्त करतो. किराणावाल्याचा, भंगारवाल्याचा, दवाखान्यातला बाळांचा, सगळे काटे माझ्या टेबलावर येऊन जातात. काटा खोटं बोलत नाही, बोलतो तो मालक, असं आम्ही म्हणतो. त्यामुळे डोळ्यांपेक्षा काट्यावर विश्वास ठेवायची मला सवय आहे. पुढचं सगळं कुणी दुसऱ्यानं सांगितलं असतं, तर मी त्याला आधी पाणी पाजलं असतं आणि मग घरी पाठवलं असतं.

माझं लहानपण अर्धपोटी गेलं. आम्ही भावंडं पुष्कळ आणि पातेलं एक. आई सगळ्यांना वाढायची, मग आमच्याकडे पाठ करून पातेलं खरवडत बसायची. आम्हाला वाटायचं, जेवतेय. पातेल्यात काही नसायचं. "तुम्ही खाल्लंत की माझं पोट भरतं," असं म्हणायची. आणखी मागितलं की तिचं तोंड एवढंसं व्हायचं, म्हणून आम्ही मागणंच सोडलं. तिच्या त्या धादांत खोट्या वाक्याचा मला अजून राग येतो.

म्हणून माझ्या घरी मी एक नियम केलाय. मुलीला "अजून हवं का" असं विचारायचं नाही. तिच्यावर मागायची वेळच येऊ द्यायची नाही, ताट रिकामं व्हायच्या आत वाढायचं. बायको औषधांच्या दुकानात कामाला जाते. दुपारी मुलगी शाळेतून आली की मी दुकान बंद करून घरी यायचो आणि तिच्यासमोर बसायचो. शेवटच्या घासापर्यंत तिच्यावरची नजर काढायचो नाही.

"जेवू घालता की पहारा देता?" बायको म्हणायची.

मी स्वतः नंतर उभ्याउभ्या चार घास ढकलायचो. पोट भरल्याचं मला कधी आठवत नाही. कितीही खाल्लं तरी आत कुठेतरी एक कोपरा रिकामा राहायचा.

यंदा तो कोपरा भरला. मुलीचं जेवण झालं की मला जेवावंसंच वाटेना. न खाता ढेकर येऊ लागले. पट्टा एक भोक सैल करावा लागला. दुपारी दुकानात खुर्चीवर डोळा लागायचा आणि जाग यायची तेव्हा इतकं बरं वाटायचं की मी उगाच हसायचो. असं सुख मला माहीतच नव्हतं.

"हिच्या फ्रॉकची कंबर बघा," बायको एकदा म्हणाली. "आत घ्यावी लागणार."

"वाढत्या अंगाची आहे. उंच होतेय."

"उंच कुठे झालीय?"

डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोट तपासलं, सगळं ठीक निघालं. "नीट जेवते ना?" त्यांनी विचारलं. "मी स्वतः समोर बसून भरवतो," मी म्हणालो. मग काळजी नको, असं ते म्हणाले. मुलीच्या मनगटाकडे मात्र ते पुन्हा पुन्हा बघत होते.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी तिला दुकानात नेलं. प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासला. अगदी बरोबर होता. मग तिला त्यावर उभं केलं आणि रडू नये म्हणून हातात केळं दिलं.

हातातलं केळं पोटात गेलं म्हणून काट्यावरचं वजन बदलत नाही. हे शेंबडं पोरही सांगेल.

तिनं पहिला घास घेतला. तबकडीवरची सुई किंचित मागे सरकली.

दुसरा घास. सुई आणखी मागे.

मी काटा पुन्हा तपासला. बरोबरच होता. तिनं तिसरा घास घेतला आणि माझ्या जिभेवर केळ्याची चव आली. गिळलं तिनं. माझ्या घशातून काहीतरी मऊ खाली उतरलं.

मी पाठ फिरवली. "खा," म्हणालो. तिचं खाऊन झाल्यावरच वळलो. सुई जागची हलली नव्हती.

बायकोला मी काय सांगणार होतो? कामाचं निमित्त काढलं आणि दुपारी तिनंच घरी यावं असं ठरवलं. मुलगी सुधारली. गाल वर आले, जिन्यावर पुन्हा धावायला लागली. मी मात्र भाताचं पातेलं संपवायचो आणि उपाशी उठायचो. पूर्वीची भूक बरी होती, तेव्हा भरलेलं पोट ठाऊक नव्हतं. आता ते ठाऊक होतं. मला तिचं ताट आठवायचं आणि स्वतःची शिसारी यायची.

काल बायकोला दुकानातून निघता आलं नाही. मला घरी यावं लागलं.

मी भाताचं पातेलं टेबलावर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. "आज तुझं तू वाढून घे," म्हणालो. चमच्याचा आवाज येत राहिला. बराच वेळ ती वाढूनच घेत होती.

मग आवाज थांबला.

"बाबा, इकडे बघ ना."

"जेव तू."

"तू बघितल्याशिवाय नाही जेवणार."

"हट्ट करू नकोस."

"मला नाही लागली भूक. तुला लागलीय."

मी भिंतीचा पोपडा बघत राहिलो. भिंतीकडेच बघत राहायचं, एवढंच माझं काम होतं. तेवढं मला जमायला हवं होतं.

मी वळलो.

तिचं ताट शिगोशीग भरलेलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, लहान मुलाला भरवताना मोठी माणसं बघतात तशी. तिनं मोठा घास घेतला, सावकाश चावला, गिळला.

"भरलं की सांग हं," ती म्हणाली.

ताट संपलं. तिनं पुन्हा वाढून घेतलं. मी बघत राहिलो.