वाजणारी झडप

या वयात मी माझ्या आठवणीची हमी देत नाही. पडदे हिरवे होते की निळे, असं विचारलंत तर मी गडबडेन. पण त्या आवाजाबद्दल मी स्वतःची इतक्या वेळा उलटतपासणी केली आहे, की तेवढं तरी खरं धरून चालतो.

धाकट्या भावाचं ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी मुळाशीच फुगली होती. ते मूळ कापून, झडपेसकट नवं बसवलं होतं. मी दुपारी त्याचा चष्मा द्यायला गेलो, काम एवढंच.

सर्जन आधीच माझ्या डोक्यात गेला होता. ऑपरेशनपूर्वी मी विचारलं होतं, "डॉक्टर, याची सत्तरी उलटलीय, मूत्रपिंडं अधू, छाती एकदा उघडून झालेली... धोका किती?"

"प्रोफेसर, आकडे वर्गात शिकवा. इथे माझा हात चालतो."

हात! बोलताना तो स्वतःची नखं न्याहाळत होता.

खोलीत फिनेलचा उग्र वास होता, पडदे ओढलेले. आणि पलंगाकडून आवाज येत होता... टिक्. टिक्. स्वस्तातल्या घड्याळासारखा.

"दादा," भाऊ कुजबुजला, "हे बंद करायला सांग ना."

"नवी झडप असेल रे. धातूची वाजते म्हणतात."

"माझं आत वेगळंच धडधडतंय... हे माझं नाही."

"मग काय शेजाऱ्याचं?"

शेजारचा पलंग रिकामा होता. तो हसला नाही.

रक्तदाब उतरत होता. आत साचणारं रक्त बाहेर काढायला छातीत घातलेल्या नळीतून येणारं रक्त एकाएकी थांबलं होतं. सिस्टरने सर्जनला बोलावलं. तो दारातच थबकला, आत पाऊलही टाकलं नाही. मान तिरकी करून त्याने ऐकलं, जणू आपलीच स्तुती कानी पडतेय.

"वाजतेय की छान! रक्त थांबलं म्हणजे जखम सुकतेय. काळजी करायला भाऊ आहेतच बसलेले."

आणि गेला, ऐटीत.

संध्याकाळच्या आत भाऊ संपला. ते रक्त थांबलं नव्हतंच, हृदयाभोवती साचून त्याने हृदय आवळलं होतं. सिस्टरने एकेक यंत्र बंद केलं. आता मात्र सर्जन धावत आला आणि सुरू झाला: वय, मूत्रपिंडं, दुसऱ्यांदा उघडलेली छाती... माझंच बोलणं निर्लज्जपणे मलाच ऐकवत होता. मग मध्येच त्याने मान तिरकी केली.

टिक्. टिक्. टिक्.

"बंद करा ते!" तो सिस्टरवर खेकसला.

"सगळं बंद आहे, सर..."

त्याने भावाच्या छातीवर हात ठेवला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

बऱ्याच वर्षांनी त्या ऑपरेशनमधल्या सहायक डॉक्टरला मी गाठलं. बसवलेली झडप प्राण्याच्या ऊतींची होती, सर्जननेच निवडलेली. माझा स्वभाव संशयी, म्हणून आणखी दोन डॉक्टरांकडून पडताळून घेतलं. तसली झडप वाजत नाही.