सुईखालची पिवळी चिंधी

दुपारी तीनच्या सुमाराला धाकटी शिलाई मशीनचा नवाकोरा चामडी पट्टा पर्समध्ये टाकून निघाली. फोनवरच्या जाहिरातीत म्हटलंच होतं: पायाची जुनी मशीन विकणे आहे, पट्टा नाही, बाकी चालू, फक्त महिलांनी संपर्क साधावा. आता पट्ट्याशिवाय सुई काही हलत नाही, मग चालवून बघायची कशी?

खरं तर जाहिरातीतला फोटो बघूनच तिने मशीन ओळखली होती. काम संपलं की सुईखाली चिंधी ठेवायची, म्हणजे खालचे दात झिजत नाहीत. सगळेच शिंपी ठेवतात. पण पिवळी चिंधी, आणि तिच्यावरच्या शिवणीच्या शेवटाला तीन उलटे टाके? ती ताईचीच! आठ महिन्यांपूर्वी ताई हीच मशीन विकायला घेऊन फोनवरच्या अशाच एका गिऱ्हाइकाकडे गेली, ती परत आलीच नाही. आता मेल्याने तिचीच मशीन आमिष म्हणून लावली होती.

फौजदारबाईंना फोटो पटला. "आम्ही जिन्यात आहोत. नुसती हाक मार," त्या म्हणाल्या.

दार उघडणारा दिसायला अगदी गरीब गाय. "या ना, या." आत अंधार होता, मशीनच्या तेलाचा कुबट वास होता. मागे कडी लागली.

"फोन... इकडे द्या."

तिने हाक मारायला तोंड उघडलं, तोच त्याचा पंजा तोंडावर बसला. दुसरा गळ्यावर. डोळ्यांपुढे काजवे चमकले. आता आपणही गेलो, असं तिला वाटलं.

खड... खड...

कोपऱ्यात मशीन सुरू झाली होती. पायडल आपोआप खालीवर होत होतं.

"कोण... कोण आहे तिथं?" त्याची पकड सुटली. तो मशीन थांबवायला झेपावला. धाकटीने कडी काढली आणि अशी बोंब ठोकली की तिन्ही मजले दणाणले.

पोलीस आत घुसले, तरी तो जागचा हलला नाही. हलणार कसा? त्याची बाही सुईखालच्या पिवळ्या चिंधीला शिवली गेली होती, आणि सुई अजून आत रुतलेलीच होती. "सोड म्हणावं... तिला सांगा, सोड म्हणावं..." कपाटातून ताईची पर्स निघाली, आणखी तिघींच्याही निघाल्या. तिथल्या तिथे त्याने चारही खून कबूल केले.

"ताई, धरलंस गं मेल्याला!" धाकटी रडता रडता हसत सुटली. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

फौजदारबाईंनी कात्रीने बाही कापली. शिवणीच्या शेवटाला तीन उलटे टाके होते.

"जरा चालवून दाखव गं, पंचनाम्यात लिहायला हवं."

धाकटीने पर्स उघडली. पट्टा आतच होता, दुकानदाराने बांधलेल्या दोऱ्यासकट.